धर्मा पळाला

दादा,

तुला ओटीवर मधोमध ठेवलं होतं. तुझ्या डोक्यामागे माणसं येत होती, बसत होती. कुणीतरी खोकलं आणि तुझी मान वळली नाही. वहिनीनं हंबरडा फोडला तेव्हाही मला पटलं नव्हतं. त्या खोकल्यानं पटलं. पाठीमागे माणूस असताना तू असा निवांत पडून राहणारा नव्हतास.

जन्मभर तू भिंतीला पाठ लावून बसलास, पंगतीत, भजनात, रेवसच्या तरीच्या होडीतसुद्धा. लग्नात बोहल्यावर उभा होतास तेव्हा सारखा मागं पाहत होतास, आणि बायका हसल्या, नवरदेव पळायच्या बेतात आहे म्हणाल्या. मला हसू आलं नाही. तू कशाचा कानोसा घेतोस ते मला माहीत होतं.

उरणच्या मिठागरांच्या कडेला आपलं घर. आई गेली तेव्हा मी रांगत होते. बा वाफ्यांतलं मीठ ओढायच्या कामावर जायचा आणि दिवेलागणीला बांधावरून परत यायचा. वळणावर आला की खोकायचा. मला नुसता खोकला ऐकू यायचा. तुला त्यात आज किती ताडी झाली आहे, पगार कापला आहे का, कुणाशी भांडून आला आहे, सगळं ऐकू यायचं. "बाय, चुलीमागं जा," एवढंच तू म्हणायचास. कधी म्हणायचास, "बस हितंच, आज नाय व्हायचं काय." तुझा अंदाज चुकलेला मला आठवत नाही. केवढा होतास तू तेव्हा? दहाचा असशील, फार तर अकराचा. त्या वयाची मुलं माझ्या वर्गात पाढे चुकतात, आणि मी त्यांच्याकडे बघत बसते.

बाला मारायला कारण लागत नसे, पण तो कारण विचारायचा. "कोनी केला ह्या?" त्याचा प्रश्न संपायच्या आत तू म्हणायचास, "मी." मडकं मांजरानं पाडलेलं असो, भाकर माझ्या हातून करपलेली असो, दिवा वाऱ्यानं विझलेला असो. "मी." बाला ते खोटं आहे हे कळत असे, पण त्याला खऱ्याशी कर्तव्य नव्हतं. शाळेत मी पोरांना खरं बोलायला शिकवते दादा, आणि मला ज्यानं वाचवलं ते सगळं बोलणं खोटं होतं.

मग एका सकाळी तू मला करंजाला नेलंस, तरीत बसवलंस, रेवसला उतरून कुणाच्या तरी बैलगाडीच्या मागं बसवलंस आणि थळला मामाच्या दारात उभं केलंस. मामा नारळीच्या वाडीत शिंपणं करायचा, घर एवढंसं. तरी मामी म्हणाली, "तू बी रहा रं धर्मा. दोन पोरां आमाला जड नाय." तू नको म्हणालास. मी तुझा सदरा धरून ठेवला होता. विहिरीजवळ नेऊन तू माझी बोटं सोडवलीस आणि म्हणालास, "मी बी हितं रायलो तं बा आपल्याला न्याला येल. घरात कोन असला म्हंजे तो यायचा नाय."

मला वाटलं, तुला बा माझ्यापेक्षा जास्त आवडतो. कितीतरी दिवस मी तुझ्यावर रुसून होते. पुढे कधीतरी, मोठी झाल्यावर, भर वर्गात फळ्याकडे तोंड असताना तुझ्या त्या बोलण्याचा अर्थ माझ्या डोक्यात उतरला. बाच्या हाताला घरात कुणीतरी मिळावं म्हणून तू परत गेला होतास. त्या दिवशी मी वर्ग सोडून दिला.

स्वातंत्र्य मिळालं त्या सुमाराला मी फायनल पास होऊन थळच्या शाळेत लागले, पुढं लग्न होऊनही थळलाच राहिले. बा त्याआधीच मेला होता. तू त्याच मिठागरावर होतास. तेव्हाची ती गोष्ट गावात पुष्कळ दिवस चालली. ठेकेदाराच्या माणसानं एका म्हाताऱ्या मजुरावर काठी उगारली आणि तू ती वरच्या वर धरलीस. तिथवर तुझं कुणीही कौतुकच केलं असतं. पण तो माणूस खाली पडला तरी तू थांबला नाहीस. तुला ओढून काढायला माणसं लागली. लोक तुला वाघ म्हणाले. मी थळला येईल त्याला ही हकीकत सांगत होते. तू आलास तेव्हा मी विचारलं, तर तू खाली बघत म्हणालास, "मना काय आठवत नाय, बाय. काठी धरली तवरा आठवतं. मंग एकदम मानसांनी मना धरलेला." मला तो तुझा विनय वाटला. तू मला घाबरून सांगत होतास हे माझ्या ध्यानात आलं नाही.

तुझं लग्न झालं, कुसुम झाली. ती सहा वर्षांची होईपर्यंत तुझ्या घरात काय चाललं होतं ते मला कळलं नाही, कारण तू ते कळू दिलं नाहीस आणि वहिनीनंही नाही. मग एका दुपारी शाळा सुटायच्या वेळेला तू तिला खांद्यावर घेऊन फाटकात उभा होतास. तिचा हात लुगड्याच्या पट्टीनं गळ्यात बांधला होता. ती रडत नव्हती, आणि तेच मला बघवेना.

अलिबागच्या दवाखान्यात आपण तिघं गेलो. डॉक्टर वयस्क होते, सावकाश बोलायचे. त्यांनी तुला विचारलं, "कसं झालं हे?"

तू तोंड उघडायच्या आत कुसुम म्हणाली, "मी पडले. बांधावरशी पडले."

मी तुझ्याकडे पाहिलं. तू तिच्याकडे पाहत होतास. ती घाई आपण दोघांनी ओळखली होती.

डॉक्टरांनी आणखी काही विचारलं नाही. हाडं जुळवली, प्लास्टर घातलं, कुसुमला आतल्या नर्सबाईंजवळ बसवलं आणि बाहेर बाकावर तुझ्या शेजारी येऊन बसले. म्हणाले, "पडलेल्या मुलाचं हाड असं मोडत नाही. हा हात कुणीतरी पिरगळलाय."

तू सदऱ्याची बाही मनगटावर ओढलीस.

मग त्यांनी तुझं डावं मनगट हातात घेतलं. ते जरा वाकडं होतं. मला वाटे, जन्मापासूनच तसं आहे. "हा कधी मोडला होता?"

"कवा मोडला नाय."

"मोडला होता. कुणी बांधला नाही, म्हणून वाकडा जुळला. वडील मारायचे?"

"सगल्यांचंच बाप मारतात."

"नाही मारत," डॉक्टर म्हणाले. तू मान वर केलीस. मला वाटतं, तोवर तुला हे कुणी सांगितलंच नव्हतं.

मग ते जे बोलले ते मी अजून मनात घोळवते. लहानपणी ज्याला रोज जिवाच्या भीतीनं कान टवकारून बसावं लागतं, त्याचं डोकं त्याच कामाला जुंपलं जातं, असं ते म्हणाले. धोका दिसला की विचार करत बसायला त्याला सवड नसते, आधी हात चालतो. पुढे भीती घालणारा माणूस मरून जातो, पण डोक्याला ते कुणी कळवत नाही. ते राखण करतच राहतं. मग पोरानं पेला पाडला तरी त्याला धोकाच दिसतो.

"मंग माझा दोस नाय म्हनता?" तू विचारलंस. तुझ्या आवाजात आशा होती दादा, आणि मला त्या आशेचा राग आला.

डॉक्टर म्हणाले, "ते मी म्हटलं नाही. हे तुमच्यात आलं कसं, तो दोष तुमचा नाही. पण हात त्या पोरीचा मोडला. तो तुमच्या हातानं मोडला."

"ह्या सुटतं का कवा?"

"खात्रीनं सांगता येत नाही. पण हात उठायच्या आधी अंगाला काहीतरी होत असेल. ते ओळखायला शिका. तेवढा वेळ मिळाला तर पुष्कळ झालं."

परत येताना गाडीत तू कुसुमकडे एकदाही पाहिलं नाहीस. आमच्या अंगणात आलो. हे कचेरीतून यायचे होते. कुसुम आत जाऊन आमच्याकडेच राहणाऱ्या मामीजवळ निजली. तू चिंचेखाली उभा राहिलास आणि सांगितलंस. पाण्याचं मडकं फुटलं होतं. मिठागरावर गोडं पाणी किती लांबून आणावं लागतं ते मला सांगायला नको. तू आत आलास आणि तुझ्या तोंडून निघालं, "कोनी केला ह्या?" ते शब्द बाचे होते, आवाजही बाचा होता. कुसुम म्हणाली, "मी नाय." खरंच तिनं केलं नव्हतं. "ती मी म्हनाली असती तं काय झाला असता म्हाईत नाय," तू म्हणालास. "पन ती नाय म्हनाली आन् माज्या कानांत पानी भरल्यासारखा झाला. मंग तुजी वयनी वराडत आली तवा मी बघितला, माज्या हातात तिचा हात हाय."

मग तू जे मागितलंस ते मी विसरायची नाही. "हिला ठेव तुज्याजवल. मी मागाला येन. मी रडन, तुज्या पाया पडन, तुला वंगाल बोलन. देव नको. मी कसा बी आलो तरी देव नको. मना वचन दे."

मी वचन दिलं. तेव्हा मला ते सोपं वाटलं.

वहिनी तीनचार महिन्यांनी आली. लेकीच्या केसांतून हात फिरवत तिच्याशी गोड बोलली, आणि मग माझ्याकडे वळून म्हणाली, "लोक काय म्हनतात ठाव हाय का, मास्तरीन? मास्तरनीला पोर नाय म्हून भावाची पोर ठेवून घेतली." मला मूल झालं नव्हतं, हे खरंच होतं. तू तिला आपलं बोलणं सांगितलं नव्हतंस. मीही सांगितलं नाही. तिच्या डोळ्यांत मी चोर झाले. ती पोरीची आई होती, तिला दुसरं काय वाटणार?

आणि मग तू आलास. भाताची कापणी संपली होती. तू नवीन सदरा घातला होतास, पोरीसाठी चुरमुऱ्याचे लाडू आणले होतेस. पहिल्यांदा हसत बोललास. म्हणालास, आता मी बरा आहे, महिनेच्या महिने झाले, कुणावर हात टाकला नाही. मी म्हटलं, "दादा, तूच सांगितलंयस." तू म्हणालास, "तवा मी तसा बोललो, आता मीच बोलतो दे." मी नाही म्हटलं. तू रडलास. सांगितल्याप्रमाणे माझ्या पायांकडे वाकलास, आणि मी मागं सरकले. घरात दुसरं मोठं कुणी नव्हतं. हे कामावर होते, मामी वाडीत होती. कुसुम दाराआड होती, मला तिच्या परकराची कड दिसत होती.

मग तुझा आवाज बदलला. "तुला सोताचा नाय झाला म्हून माझा गिललास," तू म्हणालास.

मी दाराच्या चौकटीला दोन्ही हात लावले. तू पायरी चढलास. तुझे डोळे माझ्यावर होते पण मी त्यांत नव्हते. तुझा हात वर गेला. मला तो चुकवता आला नाही, दादा. मार चुकवायला आधी मार खाल्लेला असावा लागतो. मी नुसती बघत उभी राहिले.

माझ्या हाताखालून कुसुम बाहेर आली. तुझ्या नि माझ्या मधे उभी राहिली. मान खाली, खांदे आवळलेले. ती म्हणाली, "आत्याला नको. मना मार."

तू तिच्याकडे पाहिलंस. किती वेळ, ते मला सांगता येणार नाही. हात तसाच वर होता, मग तो वर आहे हे तुला दिसलं. तू पायरीवरून उतरलास. खूप थकलेल्या माणसासारखं विचारलंस, "हात बरा झाला तुझा?"

"हो," ती म्हणाली.

तू पाणीही न पिता गेलास. लाडवांची पुडी पायरीवर राहिली. कुसुमनं ती उचलून फडताळात ठेवली, खाल्ली नाही, मला टाकूही दिली नाही.

ते माझ्या वांझपणाचं बोलणं तू पुढं कधी मागं घेतलं नाहीस. मीही मागितलं नाही. आता ते राहूनच गेलं.

त्यानंतर वर्षभर तू आला नाहीस. मग सणावाराला येऊ लागलास. मी घरात असले तरच अंगणात यायचास, आणि चिंचेच्या बुंध्याला पाठ लावून बसायचास. कुसुम लांबून बोलायची, कधी धडा वाचून दाखवायची. तू मला दर वेळी एकच विचारायचास, "ती नीट झोपते का?" मी हो म्हणायचे. नीट झोपत नव्हती ती. जरा कुणी मोठ्यानं बोललं की तिच्या हातातलं काम थांबायचं. हे मी तुला सांगितलं नाही.

अशाच एका खेपेला आपलं भांडण झालं, ते भांडण अजून संपलेलं नाही. शाळेत मी छडी ठेवत नसे, आणि त्याचा मला अभिमान होता. बोलता बोलता मी म्हटलं, "दादा, डॉक्टर काहीही म्हणोत. माणसानं ठरवलं तर होतं. मीही त्याच घरातली आहे. मी कुणावर कधी बोट उचललेलं नाही."

तू रागावला नाहीस. जमिनीवरची चिंचेची पानं गोळा करत होतास, तशीच करत राहिलास. मग म्हणालास, "तुला कवा मारला त्यानी?"

मी आठवून पाहिलं. खरोखर आठवून पाहिलं. बाच्या हाताचा एकही फटका मला आठवला नाही.

माझं शांत असणं, माझं न चिडणं, माझी ती छडी नसलेली शाळा हे सगळं तुझ्या पाठीवर वाढलं, हे मी कबूल करते. मोठ्यानं, लिहून कबूल करते. तुझ्या हयातीत मी गप्प बसले, ते तुला कळलं असेलही. पण माझं दुसरं म्हणणंही मी सोडणार नाही दादा, तू गेलास म्हणूनही नाही. कुसुमच्या पाठीवर तसं कुणी नव्हतं. तिच्यापुढं तू उभा होतास आणि तिला वाचवायचं कुणापासून, तर तुझ्यापासून. तू मला वाचवलंस आणि तिला मोडलंस. यातलं एक दुसऱ्यानं फिटत नाही. मी रात्रंदिवस मांडून पाहिलं, फिटत नाही.

तू मात्र डॉक्टरांचं बोलणं धरून बसलास. कानांत पाणी भरल्यासारखं झालं, माणसांचे आवाज लांब गेले, की उठायचं. जेवणावरून, भांडणातून, गणपतीची आरती चालू असताना. बोलायचं नाही, दार ओढायचं नाही, नुसतं उठायचं आणि बांधावर जाऊन उभं राहायचं, आवाज परत जवळ येईपर्यंत. वहिनीला तू बजावलं होतंस, "मी उठलो म्हंजे मना हाक मारू नको." आळीतल्या पोरांना तो खेळच झाला. तू उठलास की ती ओरडायची, "धर्मा पलाला, धर्मा पलाला." एके काळी वाघ म्हणवून घेतलेला माणूस तू.

शेवंता झाली ती त्याच वर्षांत. तू मला भीत भीत कळवलंस, जणू काही गुन्हा केला होतास. मी तिला बघायला आले तेव्हा तू तिला घेतलं नव्हतंस. वहिनीनं तुझ्या मांडीवर ठेवली तर तू हात बाजूला धरून बसलास.

आणि मग बांधाला पडलेली ती खांड. मोठ्या उधाणाला बांध फुटला आणि खारं पाणी भाताच्या शेतांकडे निघालं. सगळा गाव तिथं राबत होता, दगड, माती, वाशे जे मिळेल ते टाकत. बांधाच्या कामात तुझ्याइतका जाणता माणूस नव्हता. चिखलात कमरेइतका उतरून तू माणसांना काय कुठं टाकायचं ते सांगत होतास. कुणाला तरी तू घाई कर म्हणालास आणि तो उलटून म्हणाला, "पोटच्या पोरीचा हात मोडनारा, तू आमाला शिकवतं?"

तुझ्या हातात फावडं होतं.

पुढचं तू मला एकटीला सांगितलंस, चिंचेखाली, हलक्या आवाजात. "पानी सगला एकदम मुका झाला, बाय. त्याचा तोंड हलताना दिसत होता. त्याच्या मानंचा हाड दिसला मना, नेमका कुठं घालाचा ता दिसला." तू फावडं चिखलात टाकलंस आणि वर चढून चालू लागलास. मागून हाका आल्या, शिव्या आल्या. तू चालत राहिलास. खांड त्या भरतीला बुजली नाही. पुष्कळांचं भात गेलं, आणि गावानं ते तुझ्या माथ्यावर मारलं. पुढं बांधाच्या कामाला तुला कुणी बोलावलं नाही. बैठकीत तुझ्या शेजारची जागा रिकामी राहू लागली.

"खरं सांगायचं होतंस," मी म्हटलं.

"काय सांगू? त्याला मारला असता म्हून गेलो, आसा सांगू?"

"हो."

"कोन मानल?" तू म्हणालास. "तो जिता हाय. पोरांना घेऊन जत्रंला गेलेला मी बघितला." तुझ्या चेहऱ्यावर तेव्हा जे होतं त्याला मी समाधान म्हणणार नाही. पण त्या माणसाच्या पोरांना बाप आहे हे तू मनाशी मोजून ठेवलं होतंस. त्या पोरांना ते कधी कळणार नाही. गावातल्या लोकांचं पीक मात्र बुडालं, तेही खरं आहे, आणि त्यांच्या पोटालाही तुझी हकीकत पुरली नसती.

तुझ्या छातीचं दुखणं वाढलं तेव्हा मी निरोप यायची वाट पाहिली नाही. कुसुम माझ्याबरोबर आली. मी तिला ये म्हटलं नव्हतं, येऊ नकोसही म्हटलं नव्हतं. एव्हाना ती अठरा वर्षांची, नर्सिंगला जायचं ठरवून बसलेली. तिनं तुला उशा लावून बसतं केलं, चमच्यानं पेज भरवली, तुझं अंग पुसलं. सगळं नीट, हलक्या हातानं, आणि जवळजवळ मुक्यानं. तू डोळे मिटून घ्यायचास. मला वाटायचं, आता बोलेल, आता बोलेल. माफी हा शब्द आपल्या घरात कुणाला म्हणता येत नव्हता, पण दुसरा कुठला तरी शब्द निघेल. शेवटी एका दुपारी तू म्हणालास, "तू जा आता, दमली असशील." ती म्हणाली, "नाही दमले." तुमच्या दोघांत एवढंच झालं.

तेराव्यानंतर आम्ही परतीच्या तरीत होतो. मी कुसुमला विचारलं, तुझ्याविषयी काय वाटतं म्हणून. विचारायला नको होतं बहुधा. ती पाण्याकडे बघत म्हणाली, "आत्या, दया येते आणि रागही येतो. एक आला की दुसरा जातो, असं होत नाही. मला कुणी यातलं एक निवड म्हणू नका." मी म्हटलं नाही. तुझ्या वतीनंही म्हणत नाही.

शेवंताही आमच्याबरोबर आली. वहिनीनंच पाठवली. निघताना माझा हात धरून म्हणाली, "मास्तरीन, हिला शालेत घाल. आन् तवाचा माझा बोलना पोटात ठेव." तू तिला शेवटी सगळं सांगितलं होतंस तर.

दादा, तुझी ही धाकटी फार हट्टी आहे. नऊ वर्षांची पोर, पण यांच्याशीसुद्धा वाद घालते, आणि हे वर्तमानपत्र खाली ठेवून ऐकून घेतात. काल शाळा सुटल्यावर घरी आलीच नाही. मी विहिरी पाहून आले, वाड्या पाहून आले, शेवटी कोळीवाड्याच्या पुळणीवर सापडली. होड्या ओढणाऱ्या बायकांशी गप्पा मारत उभी होती. घरी आणेपर्यंत मी गप्प राहिले, पण अंगणात आल्यावर माझा बांध फुटला. इतक्या वर्षांत मी कुणावर इतक्या मोठ्यानं ओरडले नव्हते. आतून कुसुम धावत दारात आली, पांढरीफटक पडली होती.

शेवंतानं माझ्या तोंडाकडे सरळ पाहिलं. तिचे खांदे आवळले नाहीत, पाय मागं सरला नाही. तिला फक्त नवल वाटत होतं.

"आत्या, वराडतं कशाला?" ती म्हणाली. "काय चुकला ता सांग ना."

मी ओट्याच्या पायरीवर बसले. ती येऊन शेजारी बसली आणि वाट पाहू लागली.

मग काय चुकलं ते मी तिला सांगितलं.